वादळाची वर्दी आणि रात्रीचा आसरा

(गांवोगांवच्या मंडळ्यांतील उपदेशक व वडील ह्यांकरितां पाठ)

समुद्रावरील वादळाचा विषय किकवीच्या लोकांपुढें काढला तर, "तें कोंकणच्या लोकांचें दुःख, आपलें नव्हे," असें उत्तर बहुधा मिळेल, आणि वरवर पाहतां तें खोटेंही नाहीं. किकवी हें गांव भोर तालुक्यांत, पुणें-सातारा हमरस्त्यावर, सह्याद्रीच्या पाठीमागें वसलेलें आहे. समुद्र तेथून सरळ रेषेनें सुमारें शंभर किलोमीटर दूर, आणि मध्यें एवढी थोरली डोंगराची भिंत. परंतु ता. ३ जून २०२० रोजीं ही भिंत जागच्या जागीं असतांही 'निसर्ग' नांवाचें चक्री वादळ कोंकणांतून वर चढून पुणें जिल्ह्यांत आलें. मावळ, मुळशी, खेड, जुन्नर ह्या तालुक्यांत घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, शेतकऱ्यांचीं हरितगृहें फाटून गेलीं, आणि जिल्ह्यांत प्राणहानीही झाली. तेव्हां वादळ येण्यापूर्वीं घर केव्हां सोडावें, कोठें जावें, आणि जे आपल्या दारीं येतील त्यांस कसें घ्यावें, हें भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतील मंडळ्यांनींही शिकून ठेवणें अगत्याचें आहे. त्याचाच विचार आम्ही ह्या पाठांत करणार आहों.

प्रथम वळीव आणि चक्री वादळ ह्यांतील भेद नीट समजून घेतला पाहिजे, कारण आपल्या शेतकरी बंधूंचा हिशेब बहुधा येथेंच चुकतो. वैशाखांत दुपारीं आभाळ भरून येतें, धूळ उठते, गारा पडतात, कैऱ्या झडतात, आणि घटका दोन घटकांत सर्व शांत होऊन मातीचा वास सुटतो. हा वळीव. ह्याला आपण ओळखतों. गुरें आंत घेतलीं, दार लावलें, कीं झालें. चक्री वादळ तासचे तास चालतें. त्यांतील वाऱ्याची दिशा हळूहळू फिरत जाते, म्हणून सकाळीं जी भिंत आडोशाची तीच दुपारीं माऱ्याची होते. आणि त्याच्याबरोबरचा पाऊस ओढे भरून टाकल्यावांचून जात नाहीं. वळिवाच्या अनुभवावर विसंबून चक्री वादळास सामोरा जाणारा मनुष्य पहिल्या तासांत निर्धास्त असतो व चौथ्या तासांत उघड्यावर असतो.

हें वादळ उत्पन्न कसें होतें? समुद्राचें पाणी सुमारें साडेसव्वीस अंशांहून अधिक तापलें म्हणजे त्याची वाफ मोठ्या प्रमाणावर वर चढूं लागते. वर थंडाव्यांत तिचें पुन्हां पाणी होतें, तेव्हां तिच्यांतील उष्णता बाहेर पडून हवा आणखी हलकी होते व आणखी वर जाते. खालीं हवेचा दाब कमी पडतो आणि भोंवतालची हवा ती पोकळी भरावयास धांव घेते. परंतु पृथ्वीच्या फिरण्यामुळें ती सरळ न जातां वळते, व आपल्या उत्तर गोलार्धांत घड्याळाच्या कांट्याच्या उलट दिशेनें गरगर फिरूं लागते. जमिनीवर आल्यावर वाफेचा पुरवठा तुटतो आणि वादळ मरूं लागतें. पण मरावयास त्यास कित्येक तास लागतात, आणि त्या तासांतच तें घाट चढून आपल्याकडे येतें. वादळ ज्या दिशेस चाललें असेल तिकडे तोंड करून उभें राहिलें असतां उजव्या हाताची बाजू अधिक जोराची असते, कारण तेथें फिरणाऱ्या वाऱ्याच्या वेगांत वादळाच्या स्वतःच्या चालीची भर पडते. 'निसर्ग' ईशान्येकडे चाललें होतें. म्हणजे भोर व वेल्हे हे तालुके त्याच्या उजव्या हातास पडले. केंद्र दूर होतें, हीच काय ती सोय.

वाऱ्याचा वेग ताशीं ६२ किलोमीटर झाला म्हणजे हवामानखातें त्यास चक्री वादळ म्हणतें व नांव देतें. ८९ झाला कीं तीव्र चक्री वादळ म्हणतें. 'निसर्ग' हें नांव बांगलादेशानें सुचविलेलें होतें. खात्याकडून सूचना चार पायऱ्यांनीं येतात. पहिली निदान ७२ तास आधीं, दुसरी ४८ तास, तिसरी २४ तास, आणि चौथी निदान १२ तास आधीं. ह्यांतील चौथी वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी, कारण वादळ किनाऱ्यास लागल्यावर आंतील कोणत्या मुलखांत काय करील हें तींत सांगितलेलें असतें. कोंकणांतील माणसास तिसरी सूचना हुकुमासारखी, आपणांस चौथी. ह्याशिवाय जिल्हावार पावसाचे इशारे हिरवा, पिवळा, नारिंगी व तांबडा अशा रंगांनीं देतात; तांबडा म्हणजे आतां वाट पाहूं नये, हालचाल करावी.

तारखांचा क्रम पाहिला म्हणजे वेळ किती थोडा मिळतो हें कळेल. १ जूनला अरबी समुद्रांत लक्षद्वीपाच्या बाजूस कमी दाबाचा पट्टा खोल झाला. २ जूनला दुपारीं त्याचें चक्री वादळ होऊन त्यास नांव मिळालें. ३ जूनला सकाळपर्यंत तें तीव्र झालें, आणि त्याच दिवशीं दुपारीं साडेबारा ते अडीच ह्या वेळांत अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर येऊन आदळलें. वारा ताशीं ११० ते १२० किलोमीटर, झोत १३० पर्यंत. नांव मिळाल्यापासून दारांत उभें राहीपर्यंत अवघा एक दिवस! आणि तो काळ कोरोनाच्या सांथीचा. माणसांनीं एके ठिकाणीं गर्दी करूं नये असा सरकारचा हुकूम, आणि वादळ म्हणतें कीं शंभर माणसें एका छपराखालीं आणा. तरीही रायगड, रत्नागिरी व इतर किनारपट्टीच्या जिल्ह्यांतील हजारों माणसें कच्च्या घरांतून काढून शाळांत व इतर पक्क्या इमारतींत नेण्यांत आलीं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, म्हसळें, मंडणगड, दापोली ह्या भागांतील घरांचीं छपरें गेलीं, नारळी-पोफळीच्या बागा मुळांसकट आडव्या झाल्या, कित्येक गांवें आठवडेच्या आठवडे अंधारांत राहिलीं. पण नासाडीच्या मानानें माणसें फार थोडीं गेलीं. श्रीवर्धनची रोठा सुपारी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस ठाऊक आहे कीं ती बाग पुन्हां फळावयास सात-आठ वर्षें लागतात. तेवढी वर्षें थांबावयास त्या बागांचे धनी मागें उरले, हें घर वेळेवर सोडल्याचें फळ.

येथें एका गोष्टीविषयीं सांगणें जरूर वाटतें. मुंबईस सन १८८२ मध्यें मोठें वादळ होऊन एक लाख माणसें मेलीं, असें कित्येक ठिकाणीं छापलेलें आढळतें, आणि आतां तें मोबाइलवरून हातोहात फिरतें. अभ्यासकांनीं त्या काळचीं वर्तमानपत्रें व दफ्तरें तपासलीं, तेव्हां अशा संहाराचा मागमूस त्यांस मिळाला नाहीं. नोव्हेंबर १९४८ चें मुंबईचें वादळ मात्र खरें, आणि नोव्हेंबर २००९ चें 'फयान'ही खरें. सांगण्याचा हेतु इतकाच कीं वादळाच्या आदल्या दिवशीं गांवांत जितक्या बातम्या येतात त्यांतील पुष्कळ ह्या १८८२ च्या बातमीसारख्या असतात. कोणी म्हणतो धरण फुटलें, कोणी म्हणतो वादळ वळून गुजराथेस गेलें. उपदेशकानें हवामानखातें, तहसील कचेरी व जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष (दूरध्वनी १०७७) ह्यांवांचून दुसऱ्याची बातमी पुढें पाठवूं नये, आणि आलेली तोंडानेंही वाढवूं नये.

आतां थोडें दूरच्या मुलखाकडे पाहूं. नोव्हेंबर १९७० मध्यें बंगालच्या उपसागराच्या कांठीं, ज्यास आज बांगलादेश म्हणतात त्या देशांत, एका रात्रींत तीन लाखांहून अधिक माणसें बुडालीं. वर्दी नव्हतीच असें नाहीं. ती झोंपडीपर्यंत पोंचली नाहीं, आणि जेथें पोंचली तेथें जावयास जागा नव्हती. दोन वर्षांनीं, १९७२ मध्यें, तेथें गांवोगांवच्या साध्या माणसांचीं पथकें उभारण्याचें काम सुरू झालें. शिक्षक, शेतकरी, दुकानदार, अशीं हीं माणसें; वर्दी येतांच निशाण चढवावयाचें, भोंगा घेऊन घरोघर फिरावयाचें, म्हाताऱ्यांस उचलून निवाऱ्यांत न्यावयाचें. तरी एप्रिल १९९१ च्या वादळांत तेथें पुन्हां सुमारें १ लाख ३८ हजार माणसें मेलीं, आणि त्यांत बायकांची संख्या पुरुषांहून फार अधिक भरली. ह्याचा शोध करणाऱ्यांस जें आढळलें तें आपल्या मंडळींतील प्रत्येक कुटुंबानें वाचण्याजोगें आहे. कित्येक बायका नवरा घरीं येऊन 'चल' म्हणेल म्हणून थांबल्या. कित्येकींस निवाऱ्यांत परक्या पुरुषांच्या गर्दींत रात्र काढण्याची लाज वाटली, कारण तेथें वेगळी खोली नव्हती, शौचाची सोय नव्हती. कित्येक जणी पोरें, कोंबड्या व भांडीं आवरीत राहिल्या. पुढें तेथील निवाऱ्यांत बायकांकरितां निराळ्या खोल्या झाल्या, आणि आज त्या पथकांत सुमारें निम्म्या स्त्रिया आहेत.

ओरिसांतही असेंच घडलें. ऑक्टोबर १९९९ च्या महावादळांत तेथें सुमारें दहा हजार माणसें मेलीं. नंतर त्या राज्यानें किनाऱ्यावर पक्के निवारे बांधले, गांवांतील तरुणांस शिकविलें, आणि १२ ऑक्टोबर २०१३ रोजीं 'फायलिन' हें तसेंच अतितीव्र वादळ आलें तेव्हां सुमारें दहा लाख माणसांस आधींच हलविलें. मृतांची संख्या हजारांवरून दोन आंकड्यांवर आली.

परंतु घर सोडणें ही सोपी गोष्ट आहे असें समजून जो उपदेशक दारोदार फिरेल त्याचें कोणी ऐकणार नाहीं. मनुष्य घर कां सोडीत नाहीं? दावणीला गाय आहे. कणगींत वर्षाचें धान्य आहे. चोर येतील. म्हातारी उठूं शकत नाहीं, आणि म्हातारा म्हणतो, "माझ्या बापाच्या वेळेपासून हें घर उभें आहे." शिवाय लोक हसतील, ही भीति मोठी. वादळ आलें नाहीं तर उद्यां पारावर काय म्हणतील! पौलास नेणाऱ्या तारवाची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे; त्यानें हिंवाळ्यापूर्वीं बंदरांत राहावें असें सांगितलें असतां शताधिपतीनें तांडेलाचें व धन्याचें ऐकलें, आणि दक्षिणेचा मंद वारा सुटला तेव्हां सर्वांस वाटलें कीं आपलेंच खरें. मंद वाऱ्यानें पुष्कळ माणसें बुडविलीं आहेत. ३ जूनच्या आदल्या दिवशींही आकाश असें भयंकर नव्हतें कीं पाहतांच मनुष्य पळत सुटेल.

म्हणून भांडण वादळाच्या दिवशीं न करितां आधींच ठरवून टाकावें. आपल्याकडील कित्येक पुरुष शिरवळच्या किंवा खेड-शिवापूरच्या कारखान्यांत पाळीवर असतात, कित्येक पुण्यास. दुपारीं वर्दी आली तर घरांत सून, सासू व लेंकरें. तेव्हां प्रत्येक घरच्या कर्त्या पुरुषानें आजच आपल्या बायकोस व आईस स्पष्ट सांगून ठेवावें कीं तांबडा इशारा झाला म्हणजे माझ्या निरोपाची वाट पाहूं नका. कुलूप घाला आणि निघा. हें वाक्य पावसाळ्याच्या आधीं एकदां उच्चारण्यास कांहीं खर्च लागत नाहीं. जनावरांविषयीं असें कीं, त्यांस पत्र्याच्या गोठ्यांत दाव्यानें बांधून जाणें म्हणजे त्यांस मारून जाणें होय. उंच, मोकळ्या जागीं, झाडांपासून दूर नेऊन सोडावीं. तितका वेळ नसेल तर निदान दावें कापावें. मोकळें जनावर पुष्कळदां आपला जीव आपण वांचवितें.

आपल्या भागांत धोका कोठून आहे? समुद्राची लाट किकवीस येणार नाहीं. येथील शत्रु चार: उडणारा पत्रा, पडणारें झाड, चढणारा ओढा, आणि सरकणारा डोंगर. पहिल्या दोहोंचें काम वादळ स्वतः करितें. मागल्या दोहोंचें काम वादळाबरोबर किंवा नंतर येणारा पाऊस करितो, आणि त्यास तर नांवाच्या वादळाचीही गरज नसते. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं आपल्याच जिल्ह्यांतील, आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगर आला आणि १५१ माणसें गाडलीं गेलीं; गांव दिसत नाहीं हें प्रथम एस.टी.च्या चालकाच्या लक्षांत आलें. २२ जुलै २०२१ रोजीं घाटाखालीं, महाड तालुक्यांतील तळिये येथें तसेंच झालें, व ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडी झोंपेंत असतां तिच्यावर दरड आली. त्या २०२१ च्या पावसांत भोरहून महाडास जाणारा वरंधा घाटही ठिकठिकाणीं तुटला. डोंगराच्या पायथ्याशीं, उतारावर किंवा ओढ्याच्या वळणावर ज्यांची वस्ती आहे, आणि भोर-वेल्ह्यांत अशा वाड्या, विशेषतः कातकऱ्यांच्या व धनगरांच्या, पुष्कळ आहेत, त्यांनीं वारा किती आहे हें न पाहतां पाऊस किती आहे हें पाहावें. जमिनीस नव्या भेगा पडणें, झाडें व खांब कलणें, दारें एकाएकीं अडकूं लागणें, झऱ्याचें पाणी अचानक गढूळ होणें, हीं डोंगर हलूं लागल्याचीं लक्षणें होत. तीं दिसतांच रात्र असली तरी निघावें. नीरेच्या कांठच्या लोकांनीं भाटघर व नीरा-देवघर ह्या धरणांतून पाणी सोडण्याच्या सूचनेकडेही कान द्यावा.

आतां जावें कोठें? येथें आम्हांस एक अप्रिय गोष्ट सांगावी लागते. आपल्या मनांत पहिला विचार येतो तो आपल्या मंदिराचा. इमारत मोठी, भिंती उंच, सर्वांस पुरेल इतकी जागा. पण लांबरुंद खोली, मध्यें खांब नाहीं, वर पत्रा किंवा कौलें, अशी जी इमारत ती वाऱ्यास सर्वांत आधीं बळी पडते. वारा एका खिडकींतून आंत शिरतो व छप्पर खालून उचलतो, वरूनही ओढतो. आणि छप्पर गेलें म्हणजे त्याच्या आधारावर उभ्या असलेल्या उंच भिंती कोसळतात. २०२० मध्यें रायगडांतील कित्येक शाळांचीं छपरें ह्याच प्रकारें गेलीं. तेव्हां मंदिर आपलें आहे, पवित्र आहे, म्हणून तें सुरक्षित आहे असें कोणीं समजूं नये. जेथें वर सिमेंटचा सपाट गिलावा, म्हणजे ज्यास आपण स्लॅब म्हणतों तो आहे, अशी खोली लहान असली तरी बरी. ती शाळेची असो, ग्रामपंचायतीची असो, कीं शेजाऱ्याची असो. तिच्यावर पडेल असा वड, पिंपळ किंवा नीलगिरी जवळ नसावी; ती ओढ्याच्या पात्राहून उंच असावी; मागें डोंगर तुटका नसावा; तिला पाणी व शौचकूप असावें, आणि बायकांकरितां निराळी खोली किंवा निदान चादरीचा पडदा. वडिलांपैकीं दोघांनीं पावसाळ्यापूर्वीं गांवांत फिरून अशा किती खोल्या आहेत व त्यांत किती माणसें बसतील हें मोजून ठेवावें.

ह्या मोजणींतच दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि तो आमच्या मतें ह्या पाठाचा गाभा आहे. आपल्यांतील पुष्कळ कुटुंबांचीं घरें गांवकुसाबाहेर, ओढ्याच्या कडेस किंवा खालच्या अंगास आहेत. तीं तेथें कां आहेत हें वाचकांस सांगावयास नको. पक्क्या खोल्या बहुधा गांवाच्या मध्यावर. वादळाच्या रात्रीं बाहेरच्या वस्तीनें आंतल्या ओट्यावर चढावयाचें आहे. तेव्हां कोणी दार लावील काय? डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील कांहीं निवाऱ्यांत दलित कुटुंबांस इतरांबरोबर राहूं दिलें नाहीं, पाण्याच्या टांकीस हात लावूं दिला नाहीं, मदतीच्या वांटणींत मागें ठेविलें, अशा नोंदी झालेल्या आहेत. समुद्रानें सर्वांस सारखें बुडविलें होतें. आपल्या गांवीं असें होणार नाहीं असें म्हणून स्वस्थ बसणें शहाणपणाचें नव्हे. सार्वजनिक निवाऱ्यांत जातीवरून कोणास अडविणें हा कायद्यानें गुन्हा आहे हें खरें. पण वाऱ्यांत भिजत उभ्या असलेल्या बाईस त्या वेळीं कायदा उपयोगीं पडत नाहीं, आधीं झालेलें बोलणें उपयोगीं पडतें. म्हणून सरपंच, पोलीस पाटील व शाळेचे मुख्याध्यापक ह्यांच्याशीं मे महिन्यांत शांतपणें बसून, कोणत्या वस्तीनें कोणत्या खोलींत जावयाचें हें वस्तीचें नांव घेऊन लिहून घ्यावें, आणि शक्य तर ग्रामसभेंत वाचून दाखवावें. वस्त्यांची मिसळ करावी. एक खोली एका जातीची असें होऊं देऊं नये, कारण मग उरलेली खोली नेहमीं खालच्या बाजूची निघते.

हेंच माप आपणांसही लागतें. मंडळीच्या ताब्यांत एखादी पक्की खोली असेल तर ती त्या रात्रीं सर्वांची आहे. कातकरी येवोत, मराठे येवोत, मुसलमान येवोत, ऊसतोडीस आलेलें परगांवचें कुटुंब येवो. आधीं आलेल्यास आधीं जागा, आणि म्हाताऱ्यास, बाळंतिणीस व आजाऱ्यास सर्वांच्याही आधीं. आमचें उपदेशकबंधूंस आणखी एक सांगणें आहे. आसऱ्याला आलेल्या माणसापुढें त्या रात्रीं पुस्तक उघडूं नये व उपदेश करूं नये. तो भिजलेला आहे आणि त्यास जावयास दुसरी जागा नाहीं. अशा माणसास ऐकावयास लावणें हें ऐकविणें नव्हे. त्यास चहा द्यावा आणि कोरडी सतरंजी द्यावी. मेलिता बेटावरील परक्या लोकांनीं त्या बुडालेल्या तारवांतील माणसांस प्रथम शेकोटी दिली होती.

घरांतून निघतांना काय घ्यावें ह्याविषयीं फार लिहीत नाहीं, आमच्या भगिनींस तें आमच्याहून अधिक कळतें. शिधापत्रिका, आधार, बँकेचें पुस्तक, सातबाऱ्याचा उतारा हे कागद प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, एकींत एक. रोजचीं औषधें, विशेषतः रक्तदाबाचीं व मधुमेहाचीं, चार दिवसांचीं. बॅटरी, काड्यांची पेटी, मोबाइल भरून घेतलेला. खाण्यास दशम्या कराव्या. दुधांत भिजविलेल्या असल्यामुळें त्या लवकर वाळत नाहींत, आणि बरोबर गूळ व शेंगदाण्याची चटणी. पाणी मात्र आठवणीनें. वीज गेली कीं मोटर बंद, आणि मोटर बंद कीं नळ कोरडे. निघण्यापूर्वीं विजेचें मुख्य बटण बंद करावें, गॅसची टाकी बंद करावी, चूल विझवावी. अंगणांतील सुटे पत्रे, पाट्या, कुदळी आंत घ्याव्या. वाऱ्यांत सुटा पत्रा हा सुरीसारखा येतो. कित्येक ठिकाणीं छपरावर दगड ठेवण्याची चाल आहे. वळिवास ती ठीक. पण वादळांत पत्रा उचलला म्हणजे तोच दगड खालीं निजलेल्याच्या डोक्यांत पडतो. त्यापेक्षां वाळूचीं पोतीं दोराला बांधून दोन्ही बाजूंस लोंबत सोडावीं व पत्रे तुळईस तारेनें आवळावे. हें काम आदल्या दिवशीं उरकावें. वारा सुटल्यावर छपरावर चढणारा मनुष्य स्वतःच उडणारी वस्तु होतो.

निघणें तें उजेडीं आणि वारा वाढण्यापूर्वीं. एकदां झाडें मोडूं लागलीं म्हणजे निवाऱ्यापेक्षां घरांतीलच आंतली खोली बरी. खिडकीपासून दूर, भक्कम पलंगाखालीं, लेंकरांस मध्यें घेऊन बसावें. क्वचित् वादळाचा डोळा थेट डोक्यावरून जातो. तेव्हां वारा एकाएकीं पडतो, कदाचित् आकाशही दिसतें, आणि लोक घर पाहावयास बाहेर येतात. थोड्या वेळानें तोच वारा उलट दिशेनें पूर्वींच्याच जोरानें येतो, व पहिल्या माऱ्यांत खिळखिळी झालेलीं झाडें आणि भिंती ह्या दुसऱ्या माऱ्यांत पडतात. नियंत्रण कक्षाकडून वादळ गेलें असें कळल्यावांचून कोणीं दार उघडूं नये.

सकाळीं परत जातांना तुटलेल्या तारेस मेलेली समजूं नये. ओल्या भिंतीस पाठ लावूं नये. पुष्कळ भिंती दुसऱ्या दिवशीं उन्हांत पडतात. पाणी उकळून प्यावें, आणि विस्कटलेल्या लांकडांत हात घालण्यापूर्वीं काठीनें हलवावें, कारण सापही आसरा शोधीत असतो. पडझड आवरण्यापूर्वीं सर्व बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं, व गांवचे तलाठी, ज्यांस आतां सरकारी भाषेंत ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांजकडून पंचनामा करून घ्यावा. २०२० मध्यें कोंकणांतील नुकसानीकरितां सरकारनें मदतीचे दर नेहमींहून वाढविले होते. पण दर कितीही असोत, ज्यांचा पंचनामा झाला नाहीं त्यांस मागणें अवघड पडतें. आणि ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांचा अर्ज लिहून देणें हें त्या आठवड्यांत उपदेशकाचें मुख्य काम होय.

राहिली एक बारीक गोष्ट. पक्की खोली आहे, यादी आहे, सरपंचांचा होकारही आहे. आणि रात्रीं किल्ली मिळत नाहीं, कारण शिपाई दुसऱ्या गांवचा, व मुख्याध्यापक पुण्यास राहणारे. शाळेच्या त्या खोलीची दुसरी किल्ली जून लागण्यापूर्वीं मागून घ्यावी, ती खोलीच्या सर्वांत जवळच्या घरीं, दाराच्या आंतल्या अंगास खिळ्यावर टांगावी, आणि ती कोठें आहे हें वस्तींतील निदान तीन बायकांस ठाऊक असावें.